चकत्यांच्या मैदानावर आणि पायवाटेवर एकच जॅकेट

प्रश्न : मी आणि माझे यजमान गेली सहा वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात राहतो. शनिवार-रविवारी कुत्र्याला घेऊन शेतांमधल्या पायवाटांवरून ८-१० मैल चालायचे, हा आमचा नेम आहे. गेल्या वर्षापासून मी मातीच्या चकत्यांवर नेमबाजी शिकू लागले आहे, आणि येत्या हिवाळ्यात जवळच्या एका इस्टेटीवर फेझंट या पक्ष्याच्या शिकारीच्या दिवशी हाकाऱ्यांबरोबर चालण्याचे निमंत्रणही मिळाले आहे. माझ्याकडचा पातळ रेनकोट तासाभरात आतून ओला होतो. यजमान म्हणतात, दोन कामांसाठी दोन जॅकेटं घे. क्लबमधले एक जुने सभासद म्हणतात, मेणकापडाला पर्याय नाही. दुकानातल्या विक्रेत्याने २०,००० मिलिमीटरचा आकडा सांगून गिर्यारोहणाचे एक जॅकेट पुढे केले. माझी तयारी २५० पौंडांपर्यंत आहे. दोन्हीकडे चालेल असे एकच जॅकेट मिळेल का, आणि ते पारखायचे कसे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

असे जॅकेट मिळते आणि तुमच्या रकमेत बसते. अट एवढीच, की त्याच्यावर फक्त पाऊस आणि वारा अडवण्याची जबाबदारी टाकायची आणि ऊब देण्याचे काम आतल्या कपड्यांवर सोपवायचे. तुमचे यजमान दोन जॅकेटं सुचवतात त्याला कारण आहे. नोव्हेंबरच्या सकाळी चकत्यांच्या मैदानावर आपल्या पाळीची वाट पाहत वीस-पंचवीस मिनिटे जागच्या जागी उभे राहावे लागते आणि गारठा हाडांत शिरतो. तेच चढणीच्या वाटेवर कुत्र्यामागून चालू लागले, की दहा मिनिटांत पाठीला घाम सुटतो. आत पिसे किंवा रुई भरलेले जाड जॅकेट पहिल्या प्रसंगी सुखाचे आणि दुसऱ्या प्रसंगी असह्य होते. मात्र आत काहीही न भरलेले, किंचित सैल जॅकेट घेतले आणि त्याखाली कधी लोकरी बनियनवर फ्लीस, तर कधी नुसते बनियन घातले, तर तेच जॅकेट दोन्ही दिवस निभावून नेते. म्हणून दुकानात गेल्यावर ‘हिवाळी’ म्हणून टांगलेली भरीव जॅकेटं पाहण्यात वेळ घालवू नका, ती हाताला कितीही मऊ आणि मोहक लागली तरी.

तुमचा रेनकोट आतून ओला होतो, तो पावसाने की घामाने, हे नवी खरेदी करण्यापूर्वी पाहून घ्या. पुढच्या पावसात घरी परतलात की कोट उलटा करून त्यावरून हात फिरवा. खांद्याच्या शिवणीवर, सॅकच्या पट्ट्यांखाली किंवा चेनच्या रेषेत ओल लागली, तर पाणी बाहेरून आलेले असते. बाह्यांना आतून आणि सगळ्या पाठीला सारखाच दमटपणा असेल, तर तो बहुधा तुमचाच घाम आहे, आणि विक्रेत्याने सांगितलेला आकडा त्यावर काहीही करू शकत नाही.

त्या आकड्याचा अर्थ सांगते. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला म्हणजे पाणी पलीकडच्या बाजूला येऊ लागते, याचे ते मोजमाप आहे. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा दाब. वरून पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. दाब वाढतो तो ओल्या बाकावर बसल्यावर, गुडघा टेकल्यावर आणि जड सॅकच्या पट्ट्यांखाली. तुमच्या कामाला १०,००० पुरेसे आहे, १५,००० मिळाले तर उत्तम, आणि त्यापुढच्या आकड्यासाठी मी तुम्हाला एक पौंडही जास्त द्यायला सांगणार नाही. त्यापेक्षा शिवणी तपासा, कारण चांगल्या कापडातून पाणी क्वचितच शिरते, ते शिरते सुईने पाडलेल्या भोकांतून. जॅकेट उलटे केल्यावर प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची, इस्त्रीने चिकटवल्यासारखी दिसणारी पट्टी हवी. हूडच्या आणि खांद्याच्या शिवणींवर तर हवीच हवी. अस्तरामुळे पट्टी दिसत नसेल, तर सगळ्या शिवणी पट्टीबंद आहेत असे लेबलावर लिहिलेले आहे का, ते पाहा.

घामाचे काय, तर त्यासाठी कापडात एक पातळ पडदा असतो. रॉबर्ट गोर यांना १९६९ मध्ये अमेरिकेत असे आढळले, की पीटीएफई हे प्लास्टिक तापवून एका झटक्यात ताणले, तर त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते, आणि त्यातून पुढे गोरटेक्स हे कापड १९७६ पासून बाजारात आले. आज निरनिराळ्या नावांनी मिळणारे बहुतेक पडदे त्याच हेतूने बनवलेले असतात : पाण्याचा थेंब आत येऊ नये, पण घामाची वाफ बाहेर जावी. ही वाफ बाहेर जाते ती आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडे असेल तेव्हा. बाहेरचे कापडच पाणी पिऊन जड झाले, तर वाफेचा मार्ग जवळजवळ बंद होतो, आणि जॅकेट कुठूनही गळत नसताना माणूस आतून भिजतो. म्हणून वाफ सोडण्याचे जे आकडे लेबलावर दिलेले असतात त्यांवर मी फारशी भिस्त ठेवत नाही. ते मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. काखेत हातभर लांबीची चेन असलेले जॅकेट मिळाले, तर ते घ्या. चढणीला ती उघडली की जी हवा आत खेळते तिची बरोबरी कोणताही पडदा करत नाही.

आता ज्या गोष्टीवर तुमची निवड खरोखर ठरावी तिच्याकडे येते. चालणाऱ्याचे हात खाली आणि शरीराजवळ असतात. बंदूक चालवणाऱ्याचे दोन्ही हात पुढे आणि वर जातात, डावा हात नळ्यांखाली लांब ताणला जातो, उजवे कोपर खांद्याच्या उंचीला येते, आणि कमरेपासूनचे सगळे धड उडत्या चकतीबरोबर वळते. चालण्यासाठी बेतलेले जॅकेट या हालचालीचा विचार करून शिवलेले नसते. मी शिकत होते तेव्हा गिर्यारोहणाचे एक हलके, छातीवर आडवे खिसे असलेले जॅकेट घालून मैदानावर गेले होते. दुसऱ्याच फैरीला दस्त्यामागचे रबर छातीवरच्या खिशाच्या झाकणात अडकले, दस्ता खांद्याच्या खोबणीत बसण्याऐवजी दंडावर टेकला, आणि मी चाप ओढून मोकळी झाले होते. पुढचा आठवडाभर दंड काळानिळा होता. चकती तर सुटलीच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढे कित्येक दिवस बंदूक वर आणताना माझा हात आपोआप आखडू लागला. ती सवय मोडायला सगळा वसंत ऋतू गेला.

म्हणून ज्या बाजूने तुम्ही बंदूक लावता, त्या बाजूचा छातीचा वरचा भाग आणि खांद्याचा पुढचा खळगा पूर्ण सपाट हवा. तिथे खिसा, झाकण, चेन, जाड शिवण किंवा उठावदार नाममुद्रा यांपैकी काहीही नको. शिकारीसाठी बनवलेल्या जॅकेटात पुष्कळदा तिथे मऊ कापडाचा जादा तुकडा लावलेला असतो. तो धक्का फार कमी करतो असे नाही, पण दस्ता न अडकता सरकत जागेवर बसतो. पाठीत दोन्ही खांद्यांमागे उभ्या चुण्या आणि काखेत जादा कापडाचा तुकडा असेल, तर हात पुढे नेताना पाठ ताणली जात नाही. कॉलर उंच आणि कडक नको, कारण गाल दस्त्याला टेकवताना ती मध्ये येते आणि मान वाकडी करून नेम धरण्याची खोड लागते. हूडच्या नाड्यांची टोके लोंबणारी नसावीत. ती आत खोचता येत नसतील तर ते जॅकेट बंदुकीजवळ न्यायचेच नाही, असे मी ठरवून टाकले आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्त्री म्हणून मुद्दाम लक्षात घ्या. स्त्रियांसाठीची पुष्कळशी जॅकेटं कमरेत आवळलेली आणि पाठीत अरुंद असतात, खिसेही लहान. आरशात ती शोभून दिसतात, पण खाली फ्लीस घालून हात वर केले की काखेत कचतात. पुरुषांच्या विभागातले लहान मापाचे जॅकेट एकदा अंगावर चढवून पाहायला संकोच करू नका. काहींना ते खांद्यात नीट बसते, काहींच्या बाह्या लांब होतात. बाही आखूड करून घेता येते. पाठ रुंद करता येत नाही.

खिशांच्या बाबतीत मात्र तुमच्या दोन छंदांचे खरे भांडण आहे. चकत्यांसाठी कमरेखाली, भात्यासारखे फुगणारे दोन मोठे खिसे लागतात. बारा बोअरच्या बंदुकीच्या २५ काडतुसांचा एक डबा साधारण किलोभर भरतो, आणि तेवढे वजन घेऊनही खिसा लोंबता कामा नये, म्हणजे त्याची वरची टोके आतून पट्टी देऊन पक्की शिवलेली हवीत. झाकण वर दुमडून टिचबटणाने तसेच ठेवता येत असेल, तर गार पडलेल्या बोटांनी काडतूस काढताना चाचपडावे लागत नाही. खिशाच्या तळाशी पाणी निथळून जायला छोटे भोक आहे का, तेही पाहा. नाहीतर झडीच्या पावसात खिशाची पखाल होते आणि काडतुसे पाण्यात बसतात. चालणाऱ्यांच्या जॅकेटाला याउलट खिसे छातीजवळ दिलेले असतात, कारण सॅकचा कमरपट्टा खालचे खिसे झाकून टाकतो. दोन्ही जागी मोठे खिसे असलेले जॅकेट जड आणि बेढब होते, आणि छातीवरचे खिसे का नकोत हे वर सांगितलेच आहे. यावर माझा तोडगा असा, की जॅकेट खालच्या खिशांचे घ्यावे आणि एका दिवसाच्या चालीसाठी कमरपट्टा नसलेली किंवा पट्टा काढून ठेवता येणारी लहान सॅक वापरावी. ८-१० मैलांसाठी पाणी, डबा आणि एक जादा फ्लीस एवढेच तर लागते. नकाशा आणि फोन यांच्यासाठी चेनच्या आत, छातीजवळ असलेला सपाट खिसा पुरतो. तो मात्र पाहून घ्या. मोठ्या खिशांच्या मागे हात उबवायला मऊ अस्तराचे तिरके खिसे असतील, तर मैदानावर पाळीची वाट पाहताना तुम्ही त्या शिंप्याला दुवा द्याल.

समोरची चेन दोन्ही टोकांनी उघडणारी हवी. खालून वीतभर उघडली, की कुंपणावरच्या पायऱ्या ओलांडताना मांड्या अडत नाहीत, बाकावर बसताना जॅकेट गळ्याशी चढत नाही, आणि चालताना खालून वारा लागतो. चेनवरची झाकणपट्टी टिचबटणांची असावी; वेल्क्रोमध्ये गवताच्या कुसळ्या आणि कुत्र्याचे केस अडकून वर्षभरात तो चिकटेनासा होतो. लांबी बैठक झाकेल एवढी पुरे. त्याहून लांब जॅकेट चालताना गुडघ्यांवर आपटते, आणि फार आखूड घेतले तर सगळे पाणी ओघळून थेट मांड्यांवर येते. मांड्या भिजणारच नाहीत असे मात्र कोणतेही जॅकेट नसते. त्यासाठी पाणी न शिरणारी विजार वेगळी घ्यावी लागते, आणि २५० पौंडांतले थोडे पैसे तिच्यासाठी राखून ठेवावेत असे मी सुचवते.

आता मेणकापड. क्लबमधल्या सभासदांचे म्हणणे मी आदराने ऐकते, कारण या प्रदेशात मेणकापडाचा इतिहास मोठा आहे. तुमच्यापासून फार दूर नसलेल्या साउथ शील्ड्स या बंदरात १८९४ मध्ये जॉन बार्बर यांनी खलाशी आणि गोदी कामगार यांच्यासाठी तेलकापडाचे कपडे विकायला सुरुवात केली, आणि त्याच घराण्याच्या कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या बोफोर्ट या जॅकेटात पाठीमागे मारलेले पक्षी ठेवण्यासाठी सबंध रुंदीचा खिसा दिलेला होता. मेण पाजलेले जाड सुती कापड काट्यांना आणि तारेच्या कुंपणाला दाद देत नाही, फाटले तर त्यावर ठिगळ लावता येते, चालताना सळसळ करत नाही, आणि नीट राखले तर वीस-वीस वर्षे टिकते. तुम्ही फक्त हाकाऱ्यांबरोबर जाणार असता, तर मी त्यांच्याच बाजूने बोलले असते. पण तुमच्या आठवड्याचा मोठा वाटा चालण्यात जातो, आणि तिथे मेणकापड कमी पडते. घामाची वाफ त्यातून जवळजवळ जातच नाही. ते जड असते, थंडीत कडक होते, ओले असताना मोटारीच्या सीटला डाग पाडते. त्याला दरवर्षी नव्याने मेण पाजावे लागते, आणि ते धुण्याच्या यंत्रात कधीही घालता येत नाही. थंड पाण्याच्या स्पंजने पुसावे लागते. चिखलात लोळलेल्या कुत्र्याला उचलून घेणाऱ्या माणसाला हा शेवटचा मुद्दा जड जाईल. पुढे कधी कुणाचे वापरलेले, नीट डागडुजी केलेले मेणकापड स्वस्तात मिळाले, तर घेऊन ठेवा. पहिले आणि एकुलते एक जॅकेट म्हणून घेऊ नका.

ट्वीड या जाड लोकरी कापडाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक वाक्य लिहिते : रिपरिप पावसात लोकर उत्तम, पण संततधारेत ती पाणी पिऊन जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. व्हेंटाइल हे आणखी एक कापड तुमच्या कानावर येईल. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात कोसळणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी ते तयार केले गेले. त्यातले लांब धाग्यांचे सूत भिजले की फुगते आणि विणीतली भोके स्वतःच बुजवते. कापड फार सुंदर आहे, पण त्याचे जॅकेट तुमच्या रकमेत बसणे कठीण.

मग घ्यावे काय? पडदा असलेले, वरून जरा जाड आणि मऊ विणीचे, शिकारीसाठी किंवा शेतावरच्या कामासाठी बेतलेले, अस्तर असले तरी आत काही न भरलेले जॅकेट. गिर्यारोहणाची चांगली जॅकेटं जेमतेम अर्ध्या किलोची असतात, पण ब्रॅम्बलच्या काटेरी जाळीत शिरलात की त्यांचे पातळ कापड पहिल्याच दिवशी ओरखडते, आणि काटा पडद्यापर्यंत गेला की तिथून पाणी यायला लागते. हाकारे करणाऱ्याला अशा जाळ्या टाळता येत नाहीत, कारण पक्षी तिथेच दडलेले असतात. दुसरीकडे हरणाच्या मागावर जाणाऱ्यांसाठी बनवलेली दीड किलोची जॅकेटं तुम्हाला दुपारपर्यंत थकवतील. पाऊण ते एक किलोच्या आसपासचे वजन तुमच्या कामाचे. कापड मुठीत धरून चुरगाळून पाहा. कोऱ्या कागदासारखा आवाज आला तर ठेवून द्या. चकत्यांना आवाजाने फरक पडत नाही, पण पायवाटेवर सतत कानाशी होणारी सळसळ तुम्हालाच नकोशी होईल.

रंग मळकट हिरवा किंवा तपकिरी घ्या. शिकारीच्या दिवशी तोच रूढ आहे, आणि चिखल लपतो. निमंत्रण देणाऱ्या इस्टेटीवर हाकाऱ्यांनी काय घालावे याचे वेगळे नियम असतात का, ते आधी विचारून ठेवा. डोंगरावर धुके दाटले तर हाच रंग अडचणीचा, तेव्हा सॅकवर घालायचे भडक रंगाचे पावसाळी आवरण जवळ असू द्या. हूड काढता येणारे किंवा गुंडाळून कॉलरमागे बांधता येणारे हवे, कारण चकत्यांच्या मैदानावर कानांवरच्या मफवरून हूड नीट बसत नाही आणि बाजूने येणारी चकतीही दिसत नाही. तिथे चोचीची टोपीच बरी. चालण्याच्या दिवशी मात्र हूडच्या कडेत वाकवता येणारी तार असेल तर डोळ्यांवर पाणी येत नाही, आणि मान वळवली की हूडही वळते.

दुकानात जाताना ज्यावर जॅकेट घालणार आहात तो सर्वांत जाड फ्लीस अंगात घालून जा. तिथे बंदूक हातात मिळणार नाही, तेव्हा लांब दांड्याची मिटलेली छत्री बरोबर न्या. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावा, डोळे मिटा आणि छत्रीची मूठ खांद्याच्या खळग्यात आणत, नेहमीसारखी दहा वेळा वर घ्या. एकदाही मूठ कुठे अडकली, किंवा पाठीत ताण आला, किंवा मनगट उघडे पडले, तर ते जॅकेट तुमचे नाही. मग कमरेतून डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळा, खाली बसून बुटाची नाडी बांधा, खुर्चीत बसा. हातमोजा घालून, न पाहता, खिशातून एक पेन काढून दाखवा. शेवटी दोन्ही खिशांत अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून दुकानात फेरी मारा. गळपट्टीवर ओढ जाणवली, तर खिसे वजनासाठी शिवलेले नाहीत. विक्रेता पाहत राहील. पाहू द्या.

दुकान लांब असेल आणि ऑनलाइन मागवणार असाल, तर ब्रिटनमध्ये वस्तू हाती पडल्यापासून १४ दिवसांच्या आत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. प्रत्यक्ष दुकानातून घेतलेल्या वस्तूला केवळ मन बदलले म्हणून असा हक्क नसतो, तिथे दुकानाच्या स्वतःच्या नियमावर भिस्त. त्यामुळे ऑनलाइन मागवलेत, तर लेबल न काढता हीच सगळी परीक्षा घरात घ्या. फेझंटचा हंगाम इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. सप्टेंबरमध्ये जॅकेट घेतलेत, तर हाकाऱ्यांच्या दिवसापूर्वी पावसातल्या चार-सहा चाली पदरी पडतील आणि काय खटकते ते आधीच कळेल.

घेतल्यावरची निगा थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे, पण ती टाळली तर पैसे वाया जातात. नव्या जॅकेटाच्या बाहीवर पाण्याचे थेंब टाका, ते कमळाच्या पानावरच्या दवासारखे गोल राहून घरंगळतात. काही महिन्यांनी तेच थेंब पसरू लागतात आणि कापड गडद दिसू लागते. लोक समजतात, जॅकेट गळायला लागले. प्रत्यक्षात पडदा शाबूत असतो. बाहेरच्या, पाणी झटकणाऱ्या लेपावर मळ, घाम आणि दस्त्याच्या तेलाचे डाग बसलेले असतात. अशा कापडांसाठी मिळणाऱ्या द्रव साबणाने ते धुवा. नेहमीची कपड्यांची पावडर वापरू नका, कारण तिचा राहिलेला अंश पाणी ओढून घेतो, आणि कपडे मऊ करणारा द्रव तर चुकूनही नको. लेबलावर परवानगी असेल, तर मंद आचेवर वाळवणी यंत्रात फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब पसरत असतील, तेव्हाच नवा लेप देणारा द्रव आणा. पूर्वी या लेपांत वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाहीत, म्हणून बहुतेक उत्पादक ती सोडू लागले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण नवे लेप तेलकट मळ पूर्वीच्यासारखा झटकत नाहीत, तेव्हा नवे जॅकेट जुन्यापेक्षा अधिक वेळा धुवावे लागेल, हे धरून चाला.

धुण्यापूर्वी, आणि त्याहीपेक्षा मैदानावरून परतल्यावर त्याच संध्याकाळी, सगळे खिसे उलटे करून झटका. एकच जॅकेट दोन्हीकडे वापरणाऱ्यांसाठी ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. भात्यासारख्या खिशाच्या कोपऱ्यात एखादे काडतूस घडीत दडून राहते आणि हाताला लागत नाही. सुट्टीत तुम्ही मुंबईला किंवा पुण्याला निघालात आणि इंग्लंडच्या थंडीसाठी तेच जॅकेट अंगात असले, तर विमानतळावरच्या तपासणीत ते एक काडतूस सापडते. विनापरवाना जिवंत काडतूस जवळ असणे हा भारतात शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि ‘चुकून राहिले’ हे सांगता सांगता विमान निघून जाते. मी घरी आले की जॅकेट रुंद हँगरवर, हीटरपासून लांब टांगते, खिशांची झाकणे वर करून टिचबटणे लावते, आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन बोटे घालून पाहते. तुमच्या जॅकेटाच्या पाठीत जादा खिसा असेल, तर तोही पाहायला विसरू नका.